बेरीज उणे आली म्हणजे नमपाय चुकलं का?

प्रश्न असा आहे. सोलापुरातल्याच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 48 यंत्रमागांवर सेन्सर बसवले आहेत. दर मिनिटाला प्रत्येक मागाने किती पिक टाकले, म्हणजे आडवा धागा किती वेळा गेला, त्याची नोंद होते. शिवाय तापमान, हवेतली आर्द्रता आणि धागा किती वेळा तुटला तेही. वर्षभराचा डेटा जमलाय. हिशेब तो नमपायने करतो, म्हणजे पायथन भाषेतल्या आकडेमोडीच्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने). घरच्या लिनक्स लॅपटॉपवर एकूण पिकांची बेरीज ठीक येते, कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोज मशिनवर तीच बेरीज उणे येते. सरासरी मात्र दोन्हीकडे सारखीच. पुढे त्याने घरी नमपायची 1.26 ही आवृत्ती काढून 2 टाकली, तर धागा तुटण्याचं जे समीकरण बसवलं होतं त्याचे सहगुणक, म्हणजे प्रत्येक घटकाला गुणणारे आकडे, बदलले. कोडला हातही लावला नव्हता. त्याचं म्हणणं, नमपायमध्ये बग आहे. हा बग कळवायचा कसा, आणि आपणच तो दुरुस्त करून या लायब्ररीच्या कामात शिरता येईल का, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

मी पंधरा वर्षं आकडेमोडीचा कोड लिहिते आहे. त्यातली बरीच वर्षं सोलापुरातल्या कापड कारखान्यांसाठी, आणि संध्याकाळचा वेळ ओपन सोर्स लायब्रऱ्यांसाठी. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण तुमचा प्रश्न तेवढ्या लायकीचा आहे.

आधी एक गोष्ट नीट मांडू. तुम्ही विचारलंय ‘बग कसा कळवायचा’. त्याच्या आधीचा प्रश्न आहे, चूक नक्की कुठे आहे? तुमच्या कोडमध्ये, डेटात, मशिनवरच्या जोडणीत, की खरोखर लायब्ररीत? याचं उत्तर मिळवायचा मला माहीत असलेला एकच भरवशाचा मार्ग म्हणजे गोष्ट लहान करत जाणं. चूक दिसतच राहिली पाहिजे, आणि तिच्याभोवतीचं सगळं काढून टाकता आलं पाहिजे. तुमच्याकडे 5,25,600 ओळी आणि 48 स्तंभ आहेत. त्यातून दोन आकड्यांपर्यंत या. तिथवर पोचलात की कोण चुकलं हे बहुतेक वेळा आपोआप दिसतं, आणि तरीही लायब्ररीच दोषी दिसली तर तोच दोन आकड्यांचा नमुना तुमची बग तक्रार असतो.

आता तुमची उणे बेरीज. तुम्ही तीन धागेदोरे दिलेत आणि तिन्ही एकाच जागी जातात. सरासरी बरोबर आहे. एकेका मागाची वेगळी बेरीज बरोबर आहे. चुकते ती फक्त सगळ्या मागांची वर्षाची एकूण बेरीज, आणि तीही फक्त विंडोजवर. मी तुमचा डेटा पाहिलेला नाही, म्हणून ढोबळ हिशेब करते. माग मिनिटाला साधारण 150 पिक टाकतो असं धरू. 48 मागांचे दिवसाला 1,03,68,000 पिक झाले. 32 बिटांच्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या 2,14,74,83,647. म्हणजे माग अखंड चालले तर 208 व्या दिवशी ही मर्यादा ओलांडली जाते. पुढे वर्षाची बेरीज 3,78,43,20,000 होते, आणि 32 बिटांत ती 4,29,49,67,296 ने मागे गुंडाळली जाऊन उणे 51,06,47,296 दिसते. तुमच्या खऱ्या डेटात सुट्ट्या असतील, वीज गेलेली असेल, बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, बदलायला माग थांबले असतील, त्यामुळे आकडा वेगळा असेल. पण खरी बेरीज 2,14,74,83,647 आणि 4,29,49,67,296 यांच्या मध्ये पडते तोवर तो उणेच येणार.

एकेका मागाची बेरीज 8 कोटींच्याही आत राहते, म्हणून ती बिघडत नाही. आणि सरासरी का बरोबर? पूर्णांकांची सरासरी काढताना नमपाय आतली बेरीज फ्लोट64, म्हणजे 64 बिटांच्या अपूर्णांकी संख्येमध्ये करतं, तिथे जागा भरपूर असते. लॅबच्या मशिनवर सरासरीला एकूण नोंदींच्या संख्येने गुणून बघा, घरची बेरीज मिळेल. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिने डेटावरचा संशय पूर्ण फिटतो.

मग विंडोजवरच का? ‘इंट’ एवढंच सांगितलं तर किती बिटांचा पूर्णांक घ्यायचा, हे जुन्या नमपायने सी भाषेतल्या ‘लाँग’ या प्रकारावर सोडलं होतं. 64 बिटांच्या लिनक्सवर लाँग 64 बिटांचा असतो, 64 बिटांच्या विंडोजवर मात्र तो 32 बिटांचाच असतो. तुम्ही फाइल वाचताना नुसतं ‘इंट’ लिहिलंय, म्हणून त्याच ओळीचा अर्थ दोन मशिनवर दोन झाला. जून 2024 मध्ये आलेल्या नमपाय 2.0 ने हे बदललं आणि 64 बिटांच्या विंडोजवरही पूर्णांक मुळात 64 बिटांचा केला. लॅबमध्ये 2 टाकलं तर तुमची बेरीज सुधारेल. पण त्यावर विसंबू नका. ॲरे, म्हणजे आकड्यांची रांग, कुठून तरी इंट32 (32 बिटांचे पूर्णांक) म्हणून आला आणि तुम्ही त्याला हजाराने गुणलंत, तर नव्या आवृत्तीतही, लिनक्सवरही, उत्तर गुपचूप गुंडाळलं जाईल. ॲरेतल्या पूर्णांकांच्या बाबतीत नमपाय इशारा देत नाही. प्रत्येक बेरजेवर तपासणी ठेवली तर वेग जाईल, म्हणून ही निवड जाणूनबुजून केलेली आहे. फाइल वाचतानाच ‘इंट64’ असं स्पष्ट लिहा. चार अक्षरांचं काम आहे.

असल्या गोष्टीला किरकोळ समजू नये असं मला मनापासून वाटतं. 4 जून 1996 रोजी एरियन 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, निघाल्यापासून मिनिटभराच्या आत नष्ट झालं. 64 बिटांची अपूर्णांकी संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, तिथून सगळं सुरू झालं. तुमच्या कारखान्यात रॉकेट नाही. पण त्या बेरजेवर कुणाचा तरी पीस रेटचा पगार उद्या ठरू शकतो.

तर पहिल्या चुकीचा लहान नमुना असा: 2,14,74,83,647 आणि 1 या दोन संख्यांचा इंट32 ॲरे करा आणि त्याची बेरीज छापा. नमपाय 1.26 असलेल्या विंडोजवर उणे 2,14,74,83,648 येईल, लिनक्सवर तीच संख्या अधिक चिन्हाची येईल. अडीच कोटी नोंदी दोन आकड्यांवर आल्या. हा नमुना हातात आला की कागदपत्रात हेच वागणं लिहिलेलं आहे का ते बघायचं. लिहिलेलं आहे. म्हणजे बग नाही, आपल्याला माहीत नसलेला नियम आहे.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे, आणि मला खरं सांगायचं तर जास्त आवडली.

तुम्ही समीकरणात चार स्तंभ घेतलेत: एक स्थिर 1, वेळ, तापमान, आर्द्रता. आर्द्रता घेतलीत हे उत्तम केलंत. मार्चनंतर सोलापूरची हवा इतकी कोरडी होते की सुती धागा ठिसूळ पडतो आणि ताण्यातले धागे तुटायला लागतात, हे इथला कुठलाही विणकर सांगेल. गडबड वेळेच्या स्तंभात आहे. तुम्ही वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत ठेवलीय. म्हणजे त्या स्तंभातला प्रत्येक आकडा 170 कोटींच्या घरात, आणि वर्षभरात तो बदलतो फक्त सव्वातीन कोटींच्या आत. शेजारच्या स्तंभात सगळीकडे 1. लायब्ररीच्या नजरेने पाहिलं तर 170 कोटींचा तो स्तंभ जवळजवळ स्थिरच आहे, म्हणजे तो त्या 1 च्या स्तंभाचाच मोठा केलेला भाऊ दिसतो. दोघांना वेगळं करायला अगदी बारीक फरक उरतो.

हा बारीकपणा मोजायची संख्या म्हणजे कंडिशन नंबर. तुमच्यासारखे चार स्तंभ मी खोटा डेटा घेऊन बनवून पाहिले, तर तो 10 च्या 11 व्या घाताच्या पुढे जातो. फ्लोट64 मध्ये साधारण 16 अंक भरवशाचे असतात. कंडिशन नंबर 10 च्या 11 व्या घाताचा असेल तर वाईटात वाईट त्यातले 11 अंक खर्ची पडतात असं समजा. म्हणजे जुन्या आवृत्तीत जे सहगुणक तुम्हाला ‘बरोबर’ वाटत होते, त्यातलेही शेवटचे बरेच अंक भरवशाचे नव्हते.

मग आवृत्ती बदलल्यावर काय झालं? तुम्ही एलएसटीएसक्यू हे समीकरण बसवणारं फंक्शन वापरलंय. त्यात ‘आरकाँड’ नावाची एक सीमा असते. मॅट्रिक्सला, म्हणजे तुमच्या स्तंभांच्या तक्त्याला, काही सिंग्युलर मूल्यं असतात, स्तंभ एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते ती सांगतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मूल्याच्या तुलनेत जी मूल्यं या सीमेपेक्षा लहान असतील, ती शून्य समजून टाकून द्यायची. तुम्ही सीमा दिली नाहीत तर 1.26 मध्ये ती मशिनच्या अचूकतेएवढी, म्हणजे सुमारे 2.2 गुणिले 10 चा उणे 16 वा घात, धरली जात होती. 2.0 पासून तीच अचूकता गुणिले ओळी आणि स्तंभ यांच्यातली मोठी संख्या असं धरलं जातं. तुमच्या 5,25,600 ओळींसाठी ती साधारण 1.2 गुणिले 10 चा उणे 10 वा घात होते. तुमचं सगळ्यात लहान मूल्य 10 च्या उणे 12 व्या घाताच्या आसपास. जुन्या सीमेत ते टिकत होतं, नव्या सीमेत ते गाळलं जातं. चार स्तंभांपैकी रँक, म्हणजे खरोखर वेगळ्या धरलेल्या स्तंभांची संख्या, तीनच उरली, आणि तुमचा स्थिर पद जवळजवळ नाहीसा झाला. मग बाकीच्यांना त्याचा भार उचलावा लागला, म्हणून सगळे सहगुणक हलले.

हे तपासायला नवीन काही शिकावं लागत नाही. एलएसटीएसक्यू चार गोष्टी परत देतं, तिसरी असते रँक. तुमच्या कोडमध्ये पहिल्या गोष्टीला नाव दिलंय, बाकीच्या तिन्ही टाकून दिल्यात. ती रँक दोन्ही आवृत्त्यांत छापा. एकीकडे 4, दुसरीकडे 3 दिसेल अशी माझी खात्री आहे.

आणि एक गोष्ट मला टोचली. तुमच्या फाइलच्या अगदी वरच्या ओळीत सगळे इशारे बंद करायची आज्ञा आहे. 1.26 तुम्हाला प्रत्येक वेळी सांगत होतं की ही सीमा पुढच्या आवृत्तीत बदलणार आहे, तुम्ही आताच ठरवून द्या. ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. ही ओळ काढा. इशारे त्रासदायक वाटले तर एकेकाचा निकाल लावा, पण सगळ्यांचं तोंड एकदम बंद करू नका.

इलाज सोपा आहे. वेळ दिवसांत मोजा आणि पहिल्या दिवसापासून सुरू करा. 1 चा स्थिर स्तंभ सोडून बाकी प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करा, त्याच्या प्रमाण विचलनाने भागा, मग समीकरण बसवा. कंडिशन नंबर एकदम एक-दोन अंकी होईल आणि दोन्ही आवृत्त्या शेवटच्या काही अंकांपर्यंत तेच उत्तर देतील. शेवटचे एक-दोन अंक तरीही वेगळे राहू शकतात. नमपाय रेषीय बीजगणित ओपनब्लास किंवा एमकेएलसारख्या खालच्या लायब्ररीकडे सोपवतं, ती प्रोसेसर बघून बेरजांचा क्रम बदलते, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो. 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 छापली जाते त्याच कुळातली ही गोष्ट. तिच्यामागे लागू नका.

आतापर्यंतचं एका दमात: उणे बेरीज ही पूर्णांकाच्या बिटांची गोष्ट, बदललेले सहगुणक ही वेळेच्या स्तंभाची आणि नव्या सीमेची गोष्ट. दोन्ही वागणी कागदपत्रात लिहिलेली, दोन्हींत नमपाय निर्दोष. तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलेलं तिसरं, म्हणजे नमपाय 2 टाकल्यावर एक जुनं पॅकेज आयात होताना कोसळतं, तेही तसंच. 1.x वर कंपाइल झालेली पॅकेजं 2 वर चालत नाहीत, त्यांची नवी आवृत्ती घ्यावी लागते. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा, ठेवा म्हणजे एकाच्या अपडेटने दुसरं मोडणार नाही.

चूक शोधायची माझी पद्धत मी खरं तर मागावर शिकले. कापडात दोष दिसला की आमच्याकडचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, अण्णा पहिल्यांदा माग उघडत नसत. ते कापड उजेडात धरायचे आणि बोटांनी अंतर मोजायचे. दोष ठराविक अंतराने परत येतोय का? येत असेल तर कुठला तरी फिरणारा भाग खराब आहे, आणि त्या अंतरावरून भागही कळतो. मधेच कुठेही येत असेल तर धाग्यात दोष आहे, बॉबिन बदला. पाच मिनिटं नुसतं बघण्यात घालवायचे आणि मग थेट योग्य ठिकाणी हात घालायचे.

कोडमध्ये मी हाच पहिला प्रश्न विचारते. तोच प्रोग्राम दहा वेळा चालवला तर दहाही वेळा तीच चूक येते का? येत असेल तर नियमाची चूक आहे, डीटाइप (ॲरेतल्या आकड्यांचा प्रकार), आकार, सीमा, सूत्र यांत शोधा. तुमच्या दोन्ही तक्रारी या प्रकारच्या आहेत. दर वेळी वेगळं उत्तर येत असेल तर संशयित वेगळे. ‘एम्प्टी’ने ॲरे बनवला आणि भरायचा राहिला, त्यात मेमरीत आधी पडलेला कचरा असतो. किंवा अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग, एकाच जागी लिहिताहेत. तेव्हा ओपनब्लासला एकच थ्रेड वापरायला सांगते आणि परत चालवते. उत्तर स्थिर झालं तर शोधायची जागा निम्मी झाली.

दुसरा प्रश्न: मी समजते तोच नमपाय चालतोय का? हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. आवृत्ती छापा आणि नमपाय ज्या फाइलमधून आलंय तिचा पत्ता छापा. लॅबच्या मशिनवर तीन पायथन असतात, पिपने एकात टाकलेलं असतं आणि चालतं दुसरंच. कुणीतरी त्याच फोल्डरमध्ये ‘रँडम’ नावाची स्वतःची फाइल ठेवलेली असते आणि पायथन खरी सोडून तीच उचलतं. ‘शो रनटाइम’ हे फंक्शन 1.24 पासून आहे. प्रोसेसरची कुठली वैशिष्ट्यं वापरली जाताहेत ते सांगतं, आणि थ्रेडपूलसीटीएल हे पॅकेज बसवलेलं असेल तर कुठला ब्लास (ओपनब्लाससारखी खालची लायब्ररी), किती थ्रेड हेही. त्याचं छापलेलं जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तेच मागतात.

मग कापायला सुरुवात. निम्म्या ओळी काढा. चूक राहिली? अजून निम्म्या. गेली? मग दुसरा अर्धा भाग घ्या. 5,25,600 ओळी अशा निम्म्या करत गेलात तर साधारण 19 पायऱ्यांत एका ओळीवर येता. पण तुमची बेरीज इथे एक वेगळाच अनुभव देईल: ओळी काढल्या की चूक नाहीशी होते, कुठलाही अर्धा भाग घ्या. त्याचा अर्थच असा की दोष एखाद्या नोंदीत नाही, एकूण आकारमानात आहे. कापताना चूक कशी वागते, तीच सगळ्यात बोलकी खूण असते. म्हणून कापायचं काम मी कुणावर सोपवत नाही, घाईतही करत नाही.

याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या डेटात तापमान आणि धागा तुटणं यांचा संबंधच लागेना. एप्रिलचे तापमान बघायला मी मूळ ॲरेचा तुकडा घेतला होता आणि तो जागच्या जागी क्रमाने लावला होता. चढत्या क्रमाने आकडे छान दिसले. पुढचं सगळं बिघडलं. चार दिवस मी सहसंबंध काढणाऱ्या फंक्शनवर संशय घेतला, त्याचा सोर्स वाचला, तक्रारीचा मसुदाही लिहिला. पाठवायच्या आधी नमुना आठ आकड्यांवर आणला तेव्हा दिसलं, तुकडा क्रमाने लावला की मूळ ॲरेतले आकडेही हललेले असतात. साधा तुकडा ही नमपायमध्ये मूळ मेमरीवरचीच खिडकी असते, प्रत नसते. यादी देऊन निवडलेला तुकडा मात्र प्रत असतो. हा फरक मला वाचून माहीत होता, पण हाताला त्या दिवशी कळला. त्या चार दिवसांत मालकांनी दुसऱ्या कुणाच्या तरी सल्ल्यावरून शेडमध्ये पाण्याचे फवारे बसवायचं ठरवून टाकलं. ते बरोबर की चूक हे माझ्या आकड्यांनी सांगायला हवं होतं, आणि ते वेळेवर सांगता आलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लायब्ररीच्या कामात शिरायचा.

जरूर शिरा. ‘बग सापडला’ या दारातून शिरता येईल न येईल, पण तुम्ही आता केलेल्या कामातूनच दुसरं दार उघडतं. एलएसटीएसक्यूची सीमा बदलल्यामुळे सेकंदांतली वेळ वापरणाऱ्याचा स्थिर पद गळतो, हे कागदपत्राच्या त्या पानावर एका छोट्या उदाहरणाने दाखवलं तर तुमच्यासारख्या शेकडो जणांचे दिवस वाचतील. ते स्वीकारलं जाईल का, हे तिथले लोक ठरवतील. आधी इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद, उघडून विचारा, उदाहरण लहान ठेवा, सूर ‘तुमचं चुकलं’ असा नको. ही मंडळी बहुतेक आपला वेळ देऊन काम करतात. माझी पहिली स्वीकारलेली दुरुस्ती कागदपत्रातल्या एका उदाहरणाची होती, दोन ओळींची. त्या दोन ओळींसाठी मला गिटची (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) शाखा, तपासण्या, परीक्षकाच्या सूचना हे सगळं एकदा संपूर्ण करावं लागलं. पुढच्या वेळी कोड बदलताना फक्त कोडचीच भीती उरली.

सोर्स घेताना त्याचे सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेले दुसरे प्रकल्पही घ्या, नाहीतर बिल्ड मधेच अडतं आणि संदेशावरून कारण कळत नाही. सी कंपायलर लागतो. लिनक्सवर सुरुवात करा, विंडोजवरची जोडणी जास्त वेळ खाते. 1.26 पासून नमपायची बांधणी मेसन या साधनाने होते, कारण पायथन 3.12 मधून जुनं डिस्टयुटिल्स काढून टाकलं गेलं. रोजच्या कामासाठी ‘स्पिन’ नावाची आज्ञा आहे: स्पिन बिल्डने बांधा, स्पिन टेस्टने तपासा. जुन्या लेखांत सेटअप फाइल चालवायला सांगितलेलं दिसलं तर ते सोडून द्या. पहिली बांधणी साध्या लॅपटॉपवर वेळ घेते, मी ती लावून भाकरी करून येते. नंतरच्या बांधणीत फक्त बदललेल्या फाइल कंपाइल होतात.

एक खड्डा हमखास लागतो. सोर्सच्या फोल्डरमध्ये उभं राहून साधं पायथन सुरू केलं आणि नमपाय आयात केलं की ते बांधलेल्याऐवजी समोरचा कच्चा सोर्स उचलायला जातं आणि अडतं. फोल्डर बदला किंवा स्पिनमधूनच पायथन सुरू करा.

खरोखर लायब्ररीतला बग सापडला, आणि जुन्या आवृत्तीत तो नव्हता, तर गिट बायसेक्ट शिका. चांगली आवृत्ती सांगा, वाईट सांगा, ते मधली काढून देतं, तुम्ही बांधून नमुना चालवायचा आणि चांगली की वाईट एवढंच सांगायचं. मधे 1000 बदल असले तरी 10 फेऱ्यांत नेमका दोषी बदल हाती येतो. तुमचा नमुना दोन आकड्यांचा असेल तर प्रत्येक फेरीत बांधणीचाच काय तो वेळ. तो वर्षभराचा डेटा असेल तर रात्र जाईल.

दुरुस्ती करण्याआधी चाचणी लिहा. ती जुन्या कोडवर नापास झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग दुरुस्ती करा आणि ती पास होते ते बघा. नापास झालेली न बघितलेली चाचणी कशाचीच चाचणी नसते, नावात चूक असली तरी ती हिरवी दिसते. अपूर्णांकांची तुलना करताना किती फरक चालवायचा याचा विचार करा. चाचण्यांतलं ‘असर्ट ऑलक्लोज’ मुळात 10 च्या उणे 7 व्या घाताएवढा सापेक्ष फरक चालवतं, साधं ‘ऑलक्लोज’ त्याच्या शंभरपट सैल आहे. चाचणी पास होईना म्हणून सीमा सैल करायचा मोह होतो. करायची असेल तर का, ते गणिताने सांगता आलं पाहिजे: इतक्या बेरजा, इतका कंडिशन नंबर, म्हणून इतकी चूक अपेक्षित. तसं सांगता येत नसेल तर अजून काहीतरी सापडायचं बाकी आहे. आणि रिकामा ॲरे, एकाच घटकाचा ॲरे, एनएएन (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) असलेला ॲरे या तिन्हींवर चालवून बघा. माझ्या दुसऱ्या दुरुस्तीला परीक्षकांनी रिकाम्या ॲरेवरच पकडलं होतं, आणि ते योग्यच होतं.

इंग्रजीची काळजी तुमच्या प्रश्नात दिसली. साधी, छोटी वाक्यं पुरतात. मी काय चालवलं, काय अपेक्षित होतं, काय आलं, आवृत्ती कुठली. चार गोष्टी. दोन ओळींचा कोड तुमच्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलतो. लिनक्सचा हात नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले धडे मराठीतून ऐकता येतात, लॅबमध्ये दुपारी बसून तेवढे संपवा.

काय कशावर अवलंबून आहे तेही सांगते. तुमचे माग 150 पेक्षा बरेच हळू असतील आणि वर्षाची बेरीज 2,14,74,83,647 च्या आत असेल, तर माझं पहिलं निदान चुकलं, कारण मग उणे यायचं कारणच उरत नाही. तुम्ही ओळी मिनिटाऐवजी तासाच्या केल्या असतील तर नवी सीमा 60 पट खाली येते, साधारण 2 गुणिले 10 चा उणे 12 वा घात, आणि तुमचं लहान मूल्य काठावर पडतं. मग रँक 3 येईल की 4, हे मी इथून सांगू शकत नाही.

म्हणून आधी एवढं करा. लॅबच्या मशिनवर ते दोन आकडे चालवा आणि ॲरेचा डीटाइप छापा. घरी दोन एन्व्हायर्नमेंट बनवा, एकात 1.26, एकात 2, इशारे बंद करणारी ती ओळ काढा आणि दोन्हीकडे रँक छापा. मग सरासरी वजा करून समीकरण परत बसवा आणि आर्द्रतेचा सहगुणक काय येतो ते मला कळवा. उन्हाळा तोंडावर आला आहे, आणि त्या शेडमध्ये फवारे लावायचे की नाही हे तुमच्या कारखान्याचे मालकही विचारणारच आहेत.